आठ दिवसांत सात ठिकाणं पाहिली, पण मन काही ताजं झालं नाही

प्रश्न : ठाण्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ५४, निमसरकारी कार्यालयात नोकरी. सासूबाईंना विस्मरणाचा आजार होता आणि शेवटची साडेतीन वर्षं त्या अंथरुणावर होत्या. दिवसा सांभाळायला एक मावशी येत, रात्र मात्र यांच्याकडे. जानेवारीत सासूबाई गेल्या. "आता मोकळी झालीस, जरा फिरून ये," असं सगळ्यांनी म्हटल्यावर मे महिन्यात या सहलीच्या बसमधून हिमाचलला गेल्या. चंदीगड, सिमला, कुफ्री, कुल्लू, मणिकर्ण, मनाली, सिस्सू. त्या लिहितात : "बर्फ पाहून सगळे नाचत होते आणि मी हॉटेलवर परत कधी जायचं ते मोजत होते. देवानं एवढं दिलं, नवरा चांगला, मुलगा मार्गी लागला, तरी मनात कृतज्ञता म्हणून काही उमटत नाही. माझ्यातच काही कमी आहे का? बहीण म्हणते चारधाम कर, मुलगा म्हणतो युरोपला पाठवतो. यजमान म्हणतात, घरी बसून काय वाईट? मला वाटतं एकटीनं कुठल्या तरी गावात जाऊन नुसतं बसावं. पण लोक काय म्हणतील, आणि तिथंही काहीच वाटलं नाही तर? गुडघेही कुरकुरतात."

उत्तर :

ताई, आधी त्या सहलीचा हिशेब मांडू या. 'माझ्यातच कमी' हा निष्कर्ष तुम्ही फार घाईनं काढला आहे.

चंदीगड ते सिमला चार तास. सिमला ते मनाली आठ-नऊ. मनालीहून मणिकर्णला जाऊन यायला पाच-सहा, अटल बोगद्यातून सिस्सूला जाऊन यायला वाहनांची रांग धरून तीन-चार, मग मनालीहून चंदीगडला परत आठ-नऊ. कुफ्रीचे दोन धरले तर तीस तासांहून जास्त वेळ तुम्ही बसच्या सीटवर होता. रोज सकाळी 'सहा-सात-आठ' : सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बसमध्ये. जवळपास दर दुसऱ्या रात्री नवी गादी, नवं बाथरूम, बॅग उघडा आणि बॅग बांधा. त्यातच मनालीच्या दोन हजार मीटरवरून एका सकाळीत तीन हजारांच्या वर चढून जायचं. तिथं डोकं जड होणं, झोप तुटणं यात नवल काही नाही. साडेतीन वर्षं सलग झोप न मिळालेल्या शरीराला तुम्ही विश्रांतीच्या नावाखाली आणखी एक ड्युटी दिलीत. ज्यांची झोप पुरी झालेली असते ते अशा सहलीत मजा करतात, आणि त्यांनी करावी. तुमची झालेली नव्हती.

२०१० साली नेदरलँड्समध्ये १५३० प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारे लोक जाण्याआधी जास्त खुश असतात, पण परत आल्यावर न गेलेल्यांच्या आणि त्यांच्या आनंदात फारसा फरक उरत नाही, असं त्यात दिसलं. परतल्यावरही फरक टिकला तो फक्त 'अतिशय निवांत' सुट्टी घेतलेल्यांचा. ठिकाण किती दूर आणि किती प्रसिद्ध, यापेक्षा तिथं तुम्ही किती निवांत होता ते महत्त्वाचं, असा त्याचा अर्थ मी घेते.

आता पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलं आहे : हॉटेलातही रात्री दोनला जाग येत होती. सासूबाईंची कूस बदलायची वेळ दोनची होती ना? त्या गेल्या, पण शरीरानं ती पाळी अजून सोडलेली नाही. 'मोकळी झालीस' हे लोकांच्या दृष्टीनं खरं असेल. तुमच्या दृष्टीनं एक माणूस गेलं आणि दिवसाला आकार देणारं एक कामही गेलं. दुःख आणि सुटकेची भावना एकाच वेळी असू शकते आणि त्या सुटकेची लाजही वाटते. पत्रात तुम्ही सासूबाईंबद्दल दोनच ओळी लिहिल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते. त्यावर बर्फाचा डोंगर हा उतारा नव्हे.

म्हणून तिकीट काढण्याआधी एक साधं काम करा. फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर तपासून घ्या. पन्नाशीनंतरचा थकवा आणि 'कशातच गोडी वाटत नाही' यामागे अनेकदा यातलंच काही निघतं आणि ते गोळ्यांनी सुधारतं. सगळं ठीक निघालं, पण दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोजच मन उदास राहत असेल, भूक गेली असेल, पहाटे जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल किंवा जगून काय करायचं असे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. निसर्ग उपचाराला साथ देतो, त्याची जागा घेत नाही. ज्यांची औषधं चालू आहेत त्यांनी 'डोंगरात बरं वाटतंय' म्हणून ती मध्येच थांबवू नयेत.

चारधाम आणि युरोप, दोन्ही यंदा नको. हरिद्वारहून निघून परत हरिद्वारला येईपर्यंत हजार किलोमीटरहून जास्त घाटरस्ता होतो. केदारनाथ साडेतीन हजार मीटरवर आहे आणि गौरीकुंडापासूनची वाट सोळा किलोमीटरच्या पुढे. चढताना दम लागेल, तो एक वेळ सोसेल. पण गुडघ्याला खरं जड जातं ते उतरणं, कारण प्रत्येक पायरीवर अंगाचा भार तिथंच झेलला जातो. श्रद्धेनं जायचं असेल तर पुढच्या वर्षी, चारऐवजी एकच धाम, आणि सहा महिने आधीपासून मांडीच्या स्नायूंचा व्यायाम करून. युरोपचं शेवटी बोलते.

उरलं ते तुमचंच : एका गावात जाऊन बसायचं. तुम्ही ते सर्वांत शेवटी, दबकत लिहिलं आहे, पण पत्रातला सगळ्यात शहाणा बेत तोच आहे.

ठाण्याहून सोयीचं म्हणून मी भंडारदरा सुचवते. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे घोटीमार्गे जीप किंवा ठरवलेली गाडी. इगतपुरीला उतरलात तर तिथून साधारण पंचेचाळीस किलोमीटर. धरणाजवळचं गाव शेंडी. प्रवरेवरचं विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं आणि त्याचा जलाशय डोंगरांच्या मधोमध पसरला आहे. उंची साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणजे हवा थंड पण डोकं जड होणार नाही. कळसूबाई समोर दिसते, चढायची मुळीच गरज नाही.

वेळ दसरा आणि दिवाळी यांच्या मधली. पाऊस ओसरलेला असतो, तलाव भरलेला, उतारावरच्या खाचरांत भात पिवळं पडू लागलेलं. कड्यांवर उशिराची सोनकी मिळाली तर मिळाली. दुपारी ऊन चटकेल, तेव्हा खोलीत झोपायचं. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. धबधबे सुंदर असतात हे खरं, पण गर्दी, निसरडे दगड आणि अचानक वाढणारं पाणी तुमच्या कामाचं नाही. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे असतात, पण त्या रात्रींत गाड्यांचे दिवे आणि माणसांचे लोंढे असतात. उजेडानं काजव्यांचे एकमेकांना दिलेले इशारे बुजतात, म्हणजे आपणच त्यांचा विणीचा हंगाम बिघडवतो.

वार नीट निवडा, अर्धं यश त्यातच आहे. शनिवारी तलावाकाठी तंबू लागतात, स्पीकर लागतात, रात्री दोनला तुम्ही जाग्या असालच आणि कानावर गाणी पडतील. रविवारी दुपारी चारच्या सुमाराला पोहोचा, तेव्हा गर्दी उलट दिशेनं निघालेली असते. गुरुवारी सकाळी निघा. चार रात्री. दोन रात्री पुरत नाहीत : पहिला दिवस प्रवासाचा थकवा खातो आणि दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो. हा दुसऱ्या दिवशीचा कंटाळा आला की बहुतेक लोक 'इथं बघण्यासारखं काही नाही' म्हणत गाडी काढतात. तुम्ही थांबा. हात सारखा फोनकडे जाईल, घरी गॅस बंद केला का आठवेल, सासूबाई आठवतील, कदाचित रडू येईल. तिथं काहीच वाटलं नाही तर, असं तुम्ही विचारलं आहे. दुसऱ्या दिवशी बहुधा काहीच वाटणार नाही. मन सैल पडायला सुरुवात झाल्याचं ते लक्षण आहे. तिसऱ्या दिवशी काय होतं ते बघा, आणि तेव्हाही काही झालं नाही तर चार रात्री झोप तरी मिळालेली असेल.

घरगुती मुक्काम असेल तर फोनवर पाच गोष्टी विचारा. कमोड आहे का? (गुडघे!) खोली तळमजल्यावर आहे का? गरम पाणी वीज गेली तरी मिळतं का? शेजारी तंबूंची जागा आहे का? घरात बायकामाणसं राहतात का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोचू नका, एकट्या बाईनं तो विचारायलाच हवा. जेवणात तेल-तिखट बेतानं हवं हेही तेव्हाच सांगा. नाहीतर 'पाहुणे आलेत' म्हणून चार दिवस झणझणीत रस्सा वाढला जाईल आणि पित्तानं तुमची सुट्टी जाईल. भाकरी, पिठलं, आमटी-भात मागितलात तर त्यांनाही सोपं जातं. मुक्कामाच्या घरमालकांचं नाव, फोन आणि गाडीचा नंबर घरी लिहून ठेवा. अंधार पडण्याआधी खोलीवर परत.

आता तिथं करायचं काय. खोलीपासून दहा मिनिटांच्या सपाट चालीवर एक जागा शोधा : झाडाखाली, पाणी दिसेल अशी, पण काठापासून दूर. सकाळ-संध्याकाळ तीच जागा, रोज. जमिनीवर बसू नका, उठताना त्रास होईल. घडीचं छोटं स्टूल न्या. सकाळी साडेसहाच्या आधी पोहोचा, सूर्य त्याच सुमाराला उगवतो. कमीत कमी पंचवीस मिनिटं बसायचं. या पंचवीस मिनिटांना कारण आहे. माणूस आला की पाखरं गप्प होतात किंवा सरकतात आणि दहा-पंधरा मिनिटं तुम्ही हलला नाहीत की पुन्हा आपापल्या उद्योगाला लागतात. पाच मिनिटांत उठणाऱ्याला जंगल नेहमी रिकामंच दिसतं. फोन खोलीवर ठेवता येत नसेल तर बंद करून पिशवीत. ध्यान करायचं नाही, श्वास मोजायचा नाही. फक्त तीन आवाज ओळखायचे, वारा कुठल्या बाजूनं येतोय ते बघायचं, आणि काल नव्हतं असं आज काय आहे ते शोधायचं. तिसऱ्या दिवशी तोच खंड्या त्याच फांदीवर येतो हे लक्षात येईल. रोज नवी जागा पाहणाऱ्याला ही ओळख कधीच होत नाही.

चालणं दिवसाला दोन-तीन किलोमीटर, सपाटीवर, काठी घेऊन. सरळ उभं राहून हात खाली सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या उंचीला आली पाहिजे, म्हणजे ती धरल्यावर कोपर थोडंसंच वाकतं. लांब काठी खांदा दुखवते. तिसऱ्या दिवशी गाडीनं रतनवाडीला जा आणि अमृतेश्वराचं कोरीव दगडी देऊळ शांतपणे बघा. रंधा धबधबा, घाटघर, छत्री धबधबा, सगळी यादी पुरी करायला लागलात की बसमधली सहल परत सुरू झाली असं समजा. फोटो काढायला माझी हरकत नाही. २०२० साली अमेरिकेत साठ ते नव्वद वयाच्या ५२ लोकांवर एक प्रयोग झाला. काहींना आठ आठवडे, दर आठवड्याला पंधरा मिनिटं, लहान मुलाच्या कुतूहलानं बघत चालायला सांगितलं. बाकीचे नुसते चालले. कुतूहलानं चालणाऱ्यांच्या सेल्फींत हळूहळू स्वतःचा चेहरा लहान होत गेला आणि मागचं दृश्य मोठं, हसूही वाढलं. रोजच्या आयुष्यातला त्यांचा मनस्तापही कमी झाला.

आता कृतज्ञतेकडे येते, कारण पत्रातलं खरं दुखणं मला तिथं दिसतं. तुम्ही ती यादी करून वसूल करायला बघता आहात : नवरा चांगला, मुलगा मार्गी, 'एवढं' दिलं, मग वाटायलाच हवं. असं वाटायला लावलं की उगवतं ते अपराधीपण. 'इतरांकडे एवढंही नाही' हे वाक्य तर सोडूनच द्या. दुसऱ्याच्या दुःखावर मोजलेलं समाधान टिकत नाही, आणि ते फारसं सभ्यही नाही.

कृतज्ञतेला समोर कुणीतरी लागतं, आणि तपशील लागतो. 'निसर्गाचे उपकार' म्हणून काही होणार नाही. सकाळी साडेसहाला चूल पेटवून तुमच्यासाठी पाणी तापवणाऱ्या बाईंचं नाव विचारलंत, त्यांच्या भातात यंदा किती पाऊस लागला ते ऐकलंत, घासाघीस न करता ठरलेले पैसे हातात दिलेत, तर काहीतरी होईल. आठवड्यातून एकदाच, पाच ओळी, वहीत लिहा. रोज नको. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा आठवडे हे करून पाहिलं, तेव्हा आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचा आनंद वाढला आणि तीनदा लिहिणाऱ्यांचा वाढला नाही. रोजचं झालं की तो गृहपाठ होतो.

आणि तुमच्या पत्रात असं एक माणूस आहेच. साडेतीन वर्षं दिवसा येणाऱ्या त्या मावशी. सासूबाई गेल्यावर दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत, एवढंच तुम्ही लिहिलं आहे. पगार चुकता झाला असेल, पण निरोप झाला का? भंडारदऱ्याच्या तिसऱ्या दुपारी त्यांना पत्र लिहा. त्यांनी कोणत्या दिवशी काय केलं, त्यामुळे तुम्हाला काय करता आलं, हे नेमकं लिहा. एक पान पुरे. मग ते पोस्टानं न टाकता त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवा. असं पत्र प्रत्यक्ष जाऊन वाचल्याचा परिणाम महिनाभर टिकलेला दिसला, असं मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांच्या २००५ सालच्या अभ्यासात आहे. तुमच्या बाबतीत तो जास्तही टिकेल असा माझा अंदाज आहे, कारण त्या साडेतीन वर्षांची दुसरी साक्षीदार तीच आहे. सासूबाईंबद्दल तुम्ही जिच्याशी मोकळेपणानं बोलू शकाल अशी तीच.

यजमानांना सोबत न्यायचं का? विचारा, पण अट घालून : नाश्त्यापर्यंत बोलायचं नाही, आणि 'आज कुठं जायचं' हा प्रश्न नाही. पेपर आणि खुर्ची मिळाली की घरी बसण्यातलं त्यांचं सुख तिथंही मिळेल. नाही म्हणाले तर एकट्या जा. लोक काय म्हणतील याचं उत्तर चार शब्दांत तयार ठेवा : 'चार दिवस विश्रांतीला गेले होते.' यापुढे कुणी विचारत नाही.

गुरुवारी परतलात की शुक्रवारीही रजा. घरात शिरल्या शिरल्या कपडे, भांडी आणि ऑफिस एकदम अंगावर आलं तर दोन दिवसांत सगळं धुऊन जातं. तसंही सुट्टीचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतोच, म्हणून पुढची सोय घराजवळ हवी. इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत, २०१९ साली, असं दिसलं की आठवड्याला एकूण १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक स्वतःला जास्त निरोगी आणि समाधानी म्हणवतात. ही मिनिटं एकदम घ्या की तुकड्यांत, फरक पडत नाही. ठाण्यात हे अवघड नाही. रविवारी सकाळी येऊरच्या पायथ्याशी एक तास, आठवड्यात तीन दिवस उपवन तलावाच्या काठावर वीस-वीस मिनिटं. नोव्हेंबर ते मे ठाणे खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) असतात, ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात चौकशी करा. रात्री दोनची जाग मात्र लगेच जाणार नाही. आली की घड्याळ बघू नका, दिवा लावू नका. आणि दुपारची झोप अर्ध्या तासाच्या पुढे नेऊ नका.

इतर वाचकांनी भंडारदऱ्यालाच जावं असं नाही. अमरावतीकडच्यांना मेळघाटात सिपना नदीकाठचं कोलकास आहे, कोल्हापूर-बेळगावकडच्यांना आंबोली (पावसाळा सोडून, नाहीतर जळवा आणि धुकं), रत्नागिरीच्या बाजूला वेळास. तिथं फेब्रुवारी ते एप्रिल कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात आणि मुक्काम गावातल्या घरांतच असतो. नियम सगळीकडे सारखेच : एक जागा, आडवार, चार रात्री, घरापासून सहा तासांच्या आत.

आणि मुलाला सांगा, युरोपचे पैसे राहू दे, पण पुढच्या सप्टेंबरसाठी. तेव्हा तिकीट काढशील ते एका देशाचं, दोन गावांचं, प्रत्येक गावात पाच रात्रींचं काढ. सात देशांची यादी दाखवली तर सरळ नाही म्हणा.